मत दिलं, कर भरला, तरी काम संपत नाही

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : कर भरला, मत दिलं की नागरिकाचं काम झालं. स्वयंसेवी संस्था म्हणजे परदेशी पैशावरची दुकानं आणि मोर्चे म्हणजे रस्त्याची अडवणूक. सरकारनं यांना आवरलं की शहर सुधारतं, इंदूरची स्वच्छता बघा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत मला वडीलधारी असलेली माणसं आहेत, म्हणून नीट उत्तर देते.

त्यांच्याच घरच्या नळापासून सुरू करू. सुदामानगरात, लोकमान्यनगरात आज नर्मदेचं पाणी येतं, ते सरकारला आपणहून सुचलं नव्हतं. १९७० साली 'नर्मदा आणा' म्हणत अख्खं शहर रस्त्यावर आलं. अभ्यास मंडळाचे मुकुंद कुलकर्णी त्या लढ्यात पुढे होते. ज्या मंडळात एरवी माणसं व्याख्यानं ऐकायला जमत, तिथलेच लोक पाण्यासाठी उभे राहिले. सरकारनं ऐकलं, आणि १९७८ मध्ये सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्य चढवून पाणी शहरात पोचलं. त्या लोकांनी मतं दिली होती, करही भरले होते. तेवढ्यानं पाणी आलं नव्हतं. आणि तेव्हाच्या सरकारनं त्यांना फक्त 'आवरलं' असतं तर?

परदेशी पैशाचं उत्तर छोटं आहे. तो घ्यायचा तर केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते, रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच येते, आणि २०२० पासून त्यातला २० टक्क्यांहून जास्त भाग कार्यालयीन खर्चाला वापरता येत नाही. गल्लीतलं वाचनालय किंवा महिला मंडळ वर्गणीवर चालतं. त्यांना या हिशेबात ओढणं अन्याय आहे.

रस्ता अडतो, हे मात्र खरं. रुग्णवाहिका अडली तर मलाही राग येतो. पण शांतपणे, शस्त्रांविना जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे. दिल्लीतल्या जंतरमंतरवर सरसकट बंदी नको, रहिवासी आणि आंदोलक दोघांची सोय बघा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये जमावबंदीबद्दलही बजावलं, की आदेश जाहीर करा, कारणं लिहा, रास्त मतभेद दाबायला तो वापरू नका. सरकारनं करायचं ते एवढंच : शहराच्या मध्यात धरण्याला जागा द्यायची आणि परवानगी नाकारली तर ती लेखी, कारणासह.

राहिली स्वच्छता. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूरनं पहिला नंबर राखला, त्यात पालिकेच्या गाड्या आणि दंड होतेच. पण ओला-सुका कचरा घरोघरी समजावत फिरले ते संस्थांचे कार्यकर्ते. पालिकेनंच त्यांना सोबत घेतलं होतं.

अशी सोबत कायद्यातही लिहिलेली आहे. २०१४ च्या कायद्यानुसार शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि १० टक्के संस्थांचे हवेत. नव्या कायद्याचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, हे केंद्राचं धोरणही त्याच वर्षाचं. फेरीवाला समितीतल्या या खुर्च्या खरंच भरल्या जातात का, ते पाहायला हवं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि संस्थांतर्फे कोण बसलं, एवढं विचारणारा अर्ज मी सोमवारी पालिकेत देतेय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवावं.