लाल रंगातली चार नावं

आज सकाळपासून शिक्षकांच्या एका ग्रुपवर एका वर्गाचा फोटो फिरतोय. भिंतीवर देखणा फ्लेक्स, ‘आमची वाचन प्रगती’. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे पाच रकाने. पहिल्या रकान्यात चार मुलांची पूर्ण नावं, लाल रंगात. खाली अंगठे आणि पुष्पगुच्छांचा पाऊस. अहो, त्या चौघांना आपलं नाव वाचता येत नसेल, पण वर्गातल्या बाकीच्यांना येतं ना!

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मानसिक छळालाही मनाई करतं. छडी गेली, फ्लेक्स आला.

तक्ता वाईट नाही. मागे पडणारं मूल वेळेत दिसायला तो हवाच. पण तो मोठ्यांनी बघायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटाच्या दाराला आतून लावायचा, नावाऐवजी हजेरी क्रमांक टाकून. आणि फ्लेक्स तर नकोच, छापलेलं नाव सरकत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा, प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा, टाचणीने लावा. पुढे क्रमांक. मागे तारीख, कुठे अडतं (काना-मात्रा? जोडाक्षर?) आणि त्यावर काय केलं. दर सहा आठवड्यांनी एकेकाला जवळ बसवून वाचून घ्यायचं आणि कार्ड सरकवायचं. दोन फेऱ्यांत जे हललं नाही, त्यावर शनिवारी पंधरा मिनिटं बोलायचं. एका बैठकीत तीनच कार्डं. सगळा वर्ग चर्चेला घेतलात की कुणाचंच काही होत नाही.

नुसत्या रंगावरही विसंबू नका, अडलेल्या मुलाच्या कार्डाचा कोपरा दुमडा. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही काळपटच येतात.

हजेरीचं तर विचारूच नका. ‘वर्गाची हजेरी 90 टक्के’ म्हणे! पट 30. 24 मुलं रोज येतात, 6 मुलं निम्मेच दिवस. सरासरी 90च. ती सहा मुलं तुमच्या स्तंभालेखात कुठे आहेत? म्हणून प्रत्येक मुलाची एक ओळ आखायची, गैरहजर दिवशी ठिपका. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस. महिन्याला दोनच ठिपके पडले तरी दहा महिन्यांत वीस, म्हणजे दहावा हिस्सा गेला. सलग ठिपके बहुधा आजारपणाचे. दर बाजाराच्या दिवशी पडणारा ठिपका मात्र घरी जाऊन विचारायचा, धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणी नसतं. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ओळीच्या ओळी भरतात, आणि हे आपल्याला दिवाळीआधीच माहीत असतं. कार्डामागचा मजकूर शिक्षण हमी कार्डासोबत (आई-बापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) गेला पाहिजे, नाहीतर पुढची शाळा पुन्हा ‘अ’पासून सुरू करते.

हो, पालकांनाही काही दिसायला हवं, मान्य. मग दारावर नुसते आकडे लावा. अक्षर 6, शब्द 9. बास.

आणि त्या फ्लेक्सवाल्या बाईंवर तरी किती चिडायचं? भेटीला आलेले साहेब भिंत बघतात, वही उघडत नाहीत. दोन शिक्षकांवर पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची. रात्री जागून केला असेल बिचारीने.

पण ती चार नावं. एव्हाना गावभर पोचली असतील. ॲडमिन, आधी तो फोटो काढा. फ्लेक्स सोमवारी उतरवता येईल.