मधली आठ पाने

माझ्या घरी ‘मृत्युंजय’ आले ते १९८७ साली, आणि तेही मी न मागता. तालुक्याच्या गावी शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता ‘वाचाल तर वाचाल’, आणि तोवर पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकही पुस्तक न वाचलेला मी, दहावीचा विद्यार्थी, ह्या विषयावर सात मिनिटे असा काही बोललो की परीक्षकांनी पहिला क्रमांक देऊन ते जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवले. वाचनावर बोलण्यासाठी वाचावे लागत नाही, हा शोध मला असा पंधराव्या वर्षीच लागला आणि त्याने पुढचे सगळे आयुष्य नासवले.

बक्षीस घेऊन मी एसटीतून उतरलो तेव्हा पारावर बसलेल्या मंडळींनी पुस्तक हातोहात फिरवून त्याचे वजन केले. ‘‘किलोभर त असनच,’’ असा निर्वाळा एकाने दिला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळपासून मी गावातला ‘वाचणारा माणूस’ झालो. वर्धा नदीच्या काठावरच्या आमच्या गावात एकदा पडलेले नाव सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे असते. ते बदलायचे तर फेरफार घ्यावा लागतो, आणि स्वतःच्या विरुद्ध फेरफाराचा अर्ज कोण करतो?

पुस्तक वाचायचे मी ठरवले नव्हते असे नाही. ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ते माझ्याहून पाच वर्षांनी वडील. आणि वडीलधाऱ्याला सवडीने, हातपाय धुऊन, नीट बसून भेटावे, अशी आमच्या घरची शिकवण असल्यामुळे मी सवडीची वाट पाहत राहिलो. ती वाट किती पाहिली ह्याचा पुरावा पुस्तकातच आहे. अकराव्या पानावर माझे दहावीचे हॉल तिकीट आहे. सदतिसाव्या पानावर १९९४ साली सरकारच्या एकाधिकार खरेदीत घातलेल्या कापसाच्या चुकाऱ्याची पावती आहे. बावन्नाव्या पानावर २००४ च्या हंगामातले बीटी बियाण्याचे बिल आहे, आणि एकसष्टाव्या पानावर २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाहून परत येतानाचे एसटीचे तिकीट. बत्तीस वर्षांत पन्नास पाने, म्हणजे वर्षाला जेमतेम दीड पान. ह्या वेगाने कर्णाचे रथचक्र जमिनीत रुतेपर्यंत पोहोचायला मला आणखी तीन-चारशे वर्षे लागली असती, आणि सोयाबीनच्या भावाकडे पाहता तेवढे जगण्याची उमेद कोणत्याही शेतकऱ्याला नाही.

त्यातल्या सदतिसाव्या पानाची हकीकत सांगितली पाहिजे. हरभरा घाट्यांवर आला की आमच्याकडे रानडुकरे येतात, आणि रात्री वावरात मचाणावर जागलीला जावे लागते. रात्रभर जागायचेच आहे तर वाचायला ह्याहून चांगली संधी कोणती, असा विचार करून मी एका रात्री बॅटरी, घोंगडी आणि ‘मृत्युंजय’ घेऊन मचाणावर चढलो. बॅटरी लावताच शिवारातले सगळे किडे, जणू तेही वर्षानुवर्षे ह्याच संधीची वाट पाहत होते, पानावर उतरले. एक हिरवा किडा ओळीवरून असा संथ चालत होता की मीही त्याच्या मागोमाग एकेक शब्द वाचू लागलो. तो ओळीच्या टोकाला पोहोचून परत फिरला, मीही परत फिरलो, आणि तेच वाक्य पाचव्यांदा वाचताना मला झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा पुस्तक उशाखाली होते आणि धुऱ्याकडची चार तासे डुकरांनी नांगरल्यासारखी उकरून ठेवली होती. घरी आल्यावर बायको एवढेच म्हणाली, ‘‘तुमी वाचत बसले, पन हरभरा नाही वाचला.’’ ज्या घोषवाक्यावर मी पहिला क्रमांक मिळवला होता त्याचा इतका नेमका प्रतिवाद मला कोणत्याही परीक्षकाकडून ऐकायला मिळाला नव्हता.

तोपर्यंत माझी कीर्ती मात्र हाताबाहेर गेली होती. गावात सार्वजनिक वाचनालय निघाले तेव्हा त्याचा सचिव मी होणार, ह्यावर चर्चासुद्धा झाली नाही. ज्या १९६७ साली ‘मृत्युंजय’ आले त्याच साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, हा योगायोग मी तेव्हापासून प्रत्येक भाषणात सांगत आलो आहे, कारण त्या पुस्तकाविषयी खात्रीने सांगता येण्याजोगे माझ्याकडे तेवढेच आहे. त्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पडतात आणि आमचे वाचनालय ‘ड’ वर्गातले, म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, चार लोखंडी कपाटे आणि एक पंखा. कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. मिठाईच्या दुकानाच्या गल्ल्यावर मधुमेहाचा रोगी बसवावा, तसे ते आहे.

सचिव म्हटल्यावर कोणी ना कोणी विचारणारच. न वाचलेल्या पुस्तकाविषयी विचारले असता काय बोलावे, ह्याचे शास्त्र मी हळूहळू बसवले. ‘वाचले आहे’ असे कधी म्हणू नये, कारण पुढचा प्रश्न येतो. ‘पुन्हा वाचायला घेतले आहे’ असे म्हणावे, म्हणजे प्रश्न विचारणाराच ओशाळतो. मलपृष्ठावरचा मजकूर तोंडपाठ असावा. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने कथा सांगतात, एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी गंभीर चेहरा करून ‘‘मला त्यातला शोण जास्त भावला’’ असे सांगत असे. कर्ण भावला असे कोणीही म्हणेल. शोण भावला म्हणणाऱ्याने पुस्तक तीन वेळा वाचले असले पाहिजे, असे लोक आपणहून गृहीत धरत. पुढे पुढे मीही तसेच सांगू लागलो.

बाकीच्या पुस्तकांची गोष्ट फार वेगळी नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’चा बराचसा भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला, आणि त्यातल्या बेचाळीस रात्री वाचायला मला पन्नास वर्षे पुरली नाहीत. मी आचार्य अत्र्यांचा चित्रपट पाहून रडलो आणि तेवढ्यावर भागवले. ‘कोसला’ माझ्या पुतण्याने वाचले. तो अमरावतीला शिकायला होता आणि दिवाळीत घरी आला तो प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ म्हणू लागला. मला वाटले, पुस्तकाचा जो काही परिणाम व्हायचा तो हाच असेल, तर तो वाचल्याविनाही होऊ शकतो. वाचनालयाच्या पुढच्याच सभेत मी ‘‘उदाहरणार्थ चहा मागवा वगैरे’’ असे म्हणालो. चहा आला, साहित्याची जाण असलेले कोणी सभेत नव्हते. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ मात्र मी न वाचलेल्यांत धरत नाही. आमच्याकडे ती लग्नात भेट म्हणून येते आणि माझ्या घरी तिच्या चार प्रती आहेत. पण तिचे एकेचाळीसही अध्याय गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतर इतक्या वर्षांत तुकड्या-तुकड्याने कानावरून गेले आहेत, आणि ऐकलेले वाचलेल्यात जमा होते की नाही, हा वाद मी अध्याय मोजणाऱ्यांवर सोडतो.

‘ययाति’चे दुःख मोठे आहे. मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ साली वि. स. खांडेकरांना मिळाले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे त्या वेळी न वाचल्याबद्दल मला कोणी दोष देत नाही. पण २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याच्या संमेलनात मी ते पुस्तक पैसे मोजून विकत घेतले आणि पिशवीतच ठेवले. ययातीने मुलाकडून तारुण्य मागून घेतले, हे मी कीर्तनात ऐकले होते. एका दुपारी मी बायकोला म्हणालो, ‘‘मला कोणी असे तारुण्य परत दिले, तर पहिल्यांदा मी हे पुस्तक वाचून काढीन.’’ ती तुरीची डाळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, ‘‘तारुन्य होतं तवा काय वाचलं होतं जी?’’

गावातला खरा वाचणारा माणूस दुसराच आहे, आणि हे वाचनालयाचा सचिव म्हणून फक्त मला माहीत आहे. पिठाची चक्की चालवणारे काकाजी सातवी शिकलेले आहेत. एक हात चाडीवर ठेवून दुसऱ्या हाताने ते पुस्तक धरतात. लाइन गेली की बाहेर येऊन पायरीवर वाचतात. त्यांनी नेलेल्या पुस्तकाच्या पानांमध्ये, अगदी शिवणीपर्यंत, पीठ शिरलेले असते. गव्हाचे पांढरे, ज्वारीचे थोडे करडे, आणि दिवाळीच्या तोंडावर वाचलेल्या पानांत बेसनाची पिवळी पूड. आमच्या वाचनालयातले कोणते पुस्तक कुठपर्यंत वाचले गेले आहे, हे पीठ कुठे संपते त्यावरून कळते, आणि काकाजींच्या बाबतीत ते शेवटच्या पानाआधी कधीच संपत नाही. एका कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात तिखट सापडले होते. ती वाचून गावातल्या तीन बायका रडल्या, त्याचे श्रेय लेखकाला द्यायचे की मिरचीच्या कांडपाला, हे अद्याप ठरलेले नाही. इतके वाचून हा माणूस पुस्तकाविषयी चकार शब्द बोलत नाही. मला त्यांची ही एकच सवय नडत होती, कारण ते बोलले असते तर माझे भाषणाचे सामान फुकटात झाले असते.

गेल्या उन्हाळ्यात काकाजींना ‘मृत्युंजय’ चौथ्यांदा वाचावेसे वाटले. वाचनालयाची प्रत एका मास्तरांनी सुट्टीत आपल्या गावी नेली होती. ‘‘तुमच्या घरची द्या ना भाऊ,’’ असे ते म्हणाले आणि मी आनंदाने दिली. खरे सांगायचे तर त्या आनंदात वाङ्मयप्रेम नव्हते. आपल्या प्रतीतही आता पीठ शिरेल, आणि उद्या कोणी ती उघडून पाहिलीच तर साक्षीला निदान गहू तरी उभा राहील, असा माझा हिशेब होता.

तीन आठवड्यांनी मी दळण घेऊन गेलो. काकाजींनी माझा डबा बाजूला ठेवला, चक्की बंद केली, आणि पट्टा फिरायचा थांबेपर्यंत काही बोलले नाहीत. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, ‘‘भाऊ, थ्या पुस्तकात मंधातले आठ पानं नाहीत.’’

मी म्हणालो, ‘‘असं काय?’’

‘‘फाडले हायेत. धस दिसते.’’ त्यांनी भुवईवरचे पीठ पुसले. ‘‘तुमी त तीनदा वाचलं म्हनता.’’

तापलेल्या पात्यांचा वास येत होता आणि मला उत्तर सुचत नव्हते. ‘‘मी तिथं अंदाजानं वाचत होतो,’’ असे काहीतरी मी बोललो. काकाजींनी मान हलवली आणि चक्की पुन्हा सुरू केली.

घरी येऊन पाहिले तर खरेच पाने नव्हती. आई ओसरीवर वाती वळत बसली होती. तिला विचारले तेव्हा तिने आठवायलाही वेळ घेतला नाही. १९९१ साली बहिणीच्या लग्नात हळदीकुंकवाच्या पुड्या बांधायला कागद कमी पडला होता. ‘‘पहिले पानं फाडले असते त तुले दिसलं असतं,’’ ती म्हणाली, ‘‘म्हून मंधातले घेतले. एवढ्या मोठ्या पुस्तकातले आठ पानं गेले त कोनाले समजते?’’ आई शाळेत गेलेली नाही, पण माझ्या वाचनाविषयी तिने १९९१ साली बांधलेला अंदाज तेहतीस वर्षे एका दिवसानेही चुकला नव्हता.

जूनमध्ये मास्तर परत आले आणि वाचनालयाची प्रत जागेवर आली. पहिल्या पावसानंतर काकाजी माझ्या घरी आले आणि त्यांनी कागदांची एक घडी हातात ठेवली. चक्कीच्या हिशेबाच्या वहीतले आठ कागद होते. पाठपोट ओळी मारून, शिसपेन्सिलीने, बारीक आणि एकसारख्या अक्षरात त्यांनी ती सोळा पृष्ठे उतरवून काढली होती. जिथे जागा पुरली नाही तिथे समासात आडवे लिहिले होते. एका कागदाच्या कोपऱ्यात जुना हिशेब राहून गेला होता : ‘ज्वारी १५ किलो, पैसे बाकी.’ बाकी कोणाची ते लिहिलेले नव्हते, पण ती माझीच होती. ‘‘लावून घ्या जाग्यावर,’’ एवढे बोलून ते निघून गेले.

त्या रात्री मी ते आठही कागद एका बैठकीत वाचले, ज्वारीच्या हिशेबासकट. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले, आणि ह्या वेळी ‘पुन्हा’ हा शब्द खरा होता.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम झाला. सचिवाने आवडत्या पुस्तकावर बोलायचे असा दरवर्षीचा रिवाज आहे. मी ‘मृत्युंजय’वर पंचवीस मिनिटे बोललो आणि पंचविसाव्या मिनिटापर्यंत त्या सोळा पृष्ठांच्या बाहेर पाऊल टाकले नाही. कोण कोणाला काय म्हणाले, कसे म्हणाले, कोणता शब्द कुठे आला, सगळे सांगितले. इतके बारकाईने वाचणारा माणूस आपल्या तालुक्यात नाही, असे अध्यक्ष म्हणाले. कार्यक्रम संपत आला असताना मागच्या रांगेतली अकरावीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, ‘‘सर, मग त्याच्या पुढे काय होतं?’’

मी पाण्याचा ग्लास उचलला. पहिल्या रांगेत काकाजी बसले होते. त्यांनी मागे वळून त्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘पुढचं भाऊ पुढच्या साली सांगतीन.’’