पिवळा आणि करडा मासा एकच

कॅरिबियन प्रवाळांवरचा पिवळाधमक मासा वेगळा, त्याच्यावर धावून जाणारा करडा मासा वेगळा आणि तो करडा प्रवाळ खाऊन जगतो, असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चूक. दोघेही एकाच जातीचे, तीनठिपकी डॅमसेलफिश; पिवळं ते पिल्लू, करडा तो प्रौढ. लांबी जेमतेम 12-13 सेंटीमीटर.

तो प्रवाळाला चावे घेतो, हे खरं. पण पोट भरायला नव्हे. जिवंत थर मेला की तिथे शेवाळ उगवतं, आणि हीच त्याची शेती. तिच्या राखणीसाठी तो आपल्याहून मोठ्या माशांना, अगदी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनाही हुसकावतो (दरारा पाहावा तर असा!). अंडी राखण्याचं काम मात्र नराचं.