रविवारी माफी, सोमवारी पाटी कोरी? जक्कयाला विचारा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. त्याचा सारांश असा: ख्रिस्ती माणसाचं बरं आहे, आठवडाभर पाप करा, रविवारी देवाची माफी मागा, सोमवारी पाटी कोरी. ज्याचं नुकसान झालं त्याला कोण विचारतं? शिवाय नम्रतेच्या नावाखाली स्वतःला क्षुद्र म्हणवून घ्यायचं. पाठवणारे माझ्या ओळखीचे, मनाने चांगले लोक आहेत, म्हणून उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

आधी 'माफी मागितली की संपलं' हे घेऊ. यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा, म्हणजे पश्चात्तापाचं जलस्नान, घ्यायला आलेल्यांना येशूच्या आधी उपदेश करणाऱ्या योहानाने खडसावलं, की पश्चात्तापाला शोभेल असं फळ दाखवा. लोकांनी विचारलं, मग आम्ही करायचं काय? त्याने कोणालाही उपास सांगितला नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर गोळा करणाऱ्याने, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायाने धमकावून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं. जो जिथे चुकत होता, तिथेच त्याला वळायला सांगितलं. पश्चात्तापासाठी इब्री (हिब्रू) भाषेत जो 'शूव' शब्द येतो, त्याचा अर्थच मुळी माघारी वळणं.

आता 'ज्याचं नुकसान झालं त्याला कोण विचारतं?' बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे बोलणं गालीलात, वेदी दूर दक्षिणेला यरुशलेमच्या मंदिरात. म्हणजे काही दिवसांची पायपीट करून परत घरी जायचं, समेट करायचा आणि पुन्हा यायचं! मोशेच्या नियमशास्त्रातही, 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, अपराध कबूल करून पूर्ण भरपाई आणि वर तिचा पाचवा हिस्सा त्या माणसाला द्यायचा आहे.

आणि जक्कय! यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. तो म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला नियमशास्त्रात चौपटीचा दंड होता. इथे कोणी खटला भरलेला नाही. चोराचा दंड जक्कयाने आपणहून लावून घेतला. पण त्याआधी, एक नाणंही परत गेलेलं नसताना, येशूने त्याला हाक मारून सांगितलं होतं, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. पाप्याच्या घरी उतरतो म्हणून लोक कुरकुरले. खरं सांगतो, हा क्रम पचायला मलाही वेळ लागला. दया आधी आली आणि तिच्यामुळे त्याची मूठ सुटली.

कोणी म्हणेल, येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने कुठे काय परत केलं? त्याला अवधीच नव्हता. तरी 'आपल्याला आपल्या कर्माचं फळ मिळतंय' असं तो उघड बोलला. येशूकडून सुखलोकाचं वचन मिळालं, पण शिक्षा टळली नाही. तो आपल्या वधस्तंभावरच मेला.

माफीचा आडोसा करणारे ख्रिस्ती आहेत, हे मी नाकारत नाही. वेदीवरून माघारी पाठवणारं ते वचन आधी त्यांनाच लागू आहे.

राहिली नम्रता. येशूच्या एका दाखल्यात मंदिरातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आपले उपास मोजतो आणि शेजारच्या जकातदाराशी तुलना करतो. जकातदार दूर उभा राहून एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. तो कोणाकडे बोट दाखवत नाही, आणि नीतिमान ठरून घरी जातो. स्वतःला क्षुद्र ठरवणं देवाला हवं असतं, तर उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने आपला वाटा उडवून परतलेल्या पोराचं ऐकून घेतलं असतं. पोराने वाटेतच वाक्य जुळवून ठेवलं होतं: तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मजुरासारखं ठेवा. घरी आल्यावर त्याने पहिला भाग म्हटला. मजुरीपर्यंत तो पोचलाच नाही; बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगत होता.