सहा वर्षं आधी कळतं, तरी वर्ग कमीच

दरवर्षी जून आला की ठरलेली बातमी येते. अमुक भागातल्या महापालिकेच्या शाळेत जागा नाही, एका वर्गात दोन तुकड्यांची पोरं कोंबलीत, शेवटी शाळा दोन पाळ्यांत. साहेबांचं उत्तरही ठरलेलं: लोकसंख्या अचानक वाढली.

अचानक? अहो, पहिलीत येणारं पोर सहा वर्षांचं असतं. त्याचा जन्मदाखला सहा वर्षांपूर्वीच निघालेला असतो. एवढी आगाऊ खबर दुसऱ्या कुठल्या खात्याला मिळते?

यावर रास्त हरकत अशी की जन्म नोंदवला जातो तो बाळंतपण जिथे झालं तिथे, आणि पोर वाढतं भलतीकडे. मान्य. पण इमारतींचं काय? बांधकाम परवानगी महापालिका देते, इमारतीत राहायला परवानगी देणारं भोगवटा पत्र तीच देते, घरपट्टीही तीच लावते. कुठल्या सर्व्हे नंबरवर किती फ्लॅट उभे राहणार, हे बांधकाम विभागाला लोकांच्या हातात चाव्या पडायच्या कितीतरी आधी माहीत असतं. लसीकरणाच्या नोंदी आरोग्य विभागाकडे असतात. शिक्षण विभाग मात्र गेल्या वर्षीची पटसंख्या पुढे ठेवून नियोजन करतो. आता पटावर येतं कोण? ज्याला प्रवेश मिळाला तो. जागा नाही म्हणून दारातून परत गेलेलं पोर कुठल्याच पटावर नसतं. म्हणजे ज्याच्यासाठी वर्ग बांधायचा, नेमकं तेच मोजणीतून गळतं.

बरं, कायदा नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं, हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य. परिसरात शाळा नसेल तिथे ती तीन वर्षांत काढायची, हे कलम ६. ती मुदत २०१३ मध्येच संपली. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, असं अंतरही लिहिलेलं आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते सगळी गोम शहराच्या एकूण आकड्यात आहे. ‘शहरात विद्यार्थ्यांपेक्षा जागा जास्त आहेत’ हे वाक्य बहुतेक वेळा खरंही असतं. जुन्या गावठाणात महापालिकेच्या दगडी शाळा ओस पडल्यात. तिथली कुटुंबं बाहेर गेली, काहींची पोरं इंग्रजी माध्यमात गेली, रिकाम्या खोल्यांत कुठलं तरी क्षेत्रीय कार्यालय थाटलेलं असतं. आणि हद्दीला नव्याने जोडलेल्या गावांत जिल्हा परिषदेकडून मिळालेली चार खोल्यांची शाळा, तिच्याभोवती बारा-बारा मजली टॉवर. दोन्हींची बेरीज केली की कागदावर सगळं आलबेल. पण सहा वर्षांच्या पोराने गावठाणातल्या रिकाम्या बाकावर बसायला रोज दोन बस बदलून जायचं का? शाळेची जागा प्रभागागणिक, खरं तर चालत जाण्याच्या अंतरागणिकच मोजली पाहिजे. माध्यमही धरा त्यात. मराठी शाळेतली रिकामी जागा उर्दू माध्यमातल्या पोराच्या काय कामाची?

शाळेसाठी जागा तरी राखलेली असते ना? असते की, विकास आराखड्यात. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि ठरलेल्या मुदतीत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. तोवर त्या प्लॉटवर मंडपवाल्याचे बांबू आणि दोन बंद पडलेले टेम्पो. भूसंपादनाला पैसा नव्हता, ही सबब थोडीफार खरी आहे. पण नोटिशीचं घड्याळ चालू असताना फाइल हलत नाही, तेव्हा मला पैशापेक्षा मनाचीच टंचाई जास्त दिसते.

यावरचा सोपा तोडगा म्हणजे खासगी शाळांकडे बोट दाखवणं. शिक्षण हक्क कायद्यातला, खासगी शाळांतल्या प्रवेशांमधला वंचित आणि दुर्बल घटकांसाठीचा २५ टक्क्यांचा कोटा मला हवाच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली आणि जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द केली, हे उत्तमच झालं. पण कोटा आहे म्हणून महापालिकेने स्वतःची शाळा बांधायची नाही, हा हिशेब कुणी मांडला?

इंग्लंडमध्ये पुरेशा शाळा आहेत याची खात्री करणं १९९६ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक परिषदांवर सोपवलंय. त्या दरवर्षी पुढच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांचा अंदाज केंद्राला कळवतात. तिथेही सगळं सुरळीत नाही. लंडनमध्ये जन्म घटले आणि प्राथमिक शाळा बंद किंवा एकत्र करायची वेळ आली. पण निदान वाद घालायला समोर आकडा असतो. आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची, त्यामुळे आपला वादही अंदाजपंचेच.

माझं म्हणणं एवढंच. दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर महापालिकेने प्रभागवार एक तक्ता छापावा: येत्या जूनमध्ये सहा वर्षांची होणारी मुलं, माध्यमनिहाय पहिलीच्या जागा, पुढच्या तीन वर्षांत भोगवटा मिळणारे फ्लॅट, आणि शाळेच्या प्रत्येक आरक्षणाची दहा वर्षं कधी भरतात ती तारीख. यासाठी नवा सल्लागार नेमू नका, कृपा करा. चार विभागांच्या कारकुनांना एका टेबलाशी बसवलं तरी पहिला तक्ता निघेल. त्यात चुका असतील, त्या आम्ही नागरिक दाखवू.