खलनायक मरू देऊ नका: होतकरू गेम मास्टरांसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवायला घेताय? म्हणजे खेळाडू एकेक पात्र होणार, आणि गेम मास्टर म्हणून गोष्ट आणि बाकीचं सगळं जग तुम्ही सांभाळणार. अभिनंदन. गोष्ट तयार आहे ना, शेवटासकट? मग काम झालंच. पण टेबलाभोवती खेळाडू बसवायची प्रथा 1974 पासून चालत आलीये, तेव्हा चार-पाच जणांना रविवारी दुपारी बोलवा. येतात बिचारे. दुपारची झोप मोडून, हिंजवडीहून कोथरूडला, हातात बाकरवडीचा पुडा घेऊन येतात.

सेशन झीरो, म्हणजे खेळाआधीची बैठक, घेऊ नका. कोणाला मारामारी आवडते, कोणाला राजकारण, कोणाला टेबलावर काय अजिबात नको, हे आधी कळलं तर गोष्टीत बदल करावे लागतील. पात्राचा पूर्वेतिहास मात्र प्रत्येकाकडून लेखी मागवा, दोन पानं तरी. वाचायचं बंधन नाही.

पहिला तास तुम्हीच बोला. राजघराण्याच्या वंशावळीपासून सुरुवात करा. मध्येच कोणी "मी दार उघडते" म्हणाली, तर "थांब गं, तिथेच येतोय" म्हणून पुन्हा राजाच्या पणजोबांकडे वळा.

फासे स्क्रीनच्या, म्हणजे तुमच्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाच्या, आड टाका आणि टाकल्यावर "अरेरे" म्हणा.

गटासोबत तुमचं एक लाडकं पात्र धाडा. डोळ्यावर व्रण, अंगावर काळा झगा, स्वभावाने मितभाषी, आणि बोलतं सगळ्यात जास्त. कोडं त्यानेच सोडवायचं, ड्रॅगनही त्यानेच मारायचा. खेळाडूंनी "वा!" म्हणायचं.

नियम तुमच्या सोयीचा असेल तर पान काढून दाखवा. त्यांच्या सोयीचा असेल तर म्हणा, "आपण नियमांपेक्षा कथेला महत्त्व देतो."

आता मुख्य मुद्दा. शेवटच्या प्रकरणाआधी खलनायक मरता कामा नये. समजा, खेळाडूंनी डोकं लावलं, तासभर कुजबुजून बेत केला आणि तुमच्या त्या दुष्ट सरदाराला पुलावर गाठला. समजा, क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्राने, मंत्राचा शेवटचा उरलेला स्लॉट खर्चून त्याच्यावर होल्ड पर्सन हा जखडून टाकणारा मंत्र टाकला, आणि त्याचा सेव्ह, म्हणजे मंत्रातून सुटायचा फासा, फसला. फसला असं तुम्हीच तोंडाने जाहीर केलंत. लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे फसलेला सेव्ह यशस्वी ठरवायची सोय, असेल तर तो तेव्हा वापरायचा असतो, पण असो. आता तो पॅरालाइझ झाला, म्हणजे पाच फुटांच्या आतून बसलेला वार थेट क्रिटिकल, म्हणजे माराचे फासे दुप्पट. आमच्यातली एक मुलगी रोग (rogue), म्हणजे चोरट्याचं पात्र, खेळते; तिने तलवार खुपसली. वार बसला. स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा जादा मार, धरून, दुप्पट होऊन, सहा बाजूंचे आठ फासे! सगळ्यांचे मिळून सहाच निघाले, तर यजमानांच्या सापशिडीच्या डब्यातून दोन आणले. ओंजळ भरून टाकले तिने. एक सोफ्याखाली गेला, त्यासाठी सगळे जमिनीवर पालथे. 31 पडले, वर तिच्या पात्राचे ठरलेले 4. घरात आरडाओरडा.

अशा वेळी शांतपणे सांगा, "तो हसतो, आणि धुरात विरून जातो."

पॅरालाइझ झालेल्या माणसाला हलता येत नाही, बोलताही येत नाही. पुस्तकात स्पष्ट छापलंय. हा सरदार बोलला! जाता जाता "आपण पुन्हा भेटू" पासून सुरू करून चांगलं भाषण ठोकलं त्याने! कोणी विचारलंच तर सांगा, "तो आत्ता मेला असता तर पुढे गोष्टच राहिली नसती."

राहिली नसती? अरे, तिथून तर सुरू झाली असती! गादी रिकामी झाली की काय होतं, हे पुण्यात राहून तुला सांगायला हवं? 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं, तिथे गोष्ट थांबली का? राघोबादादा गादीवर बसले, बारभाई त्यांच्याविरुद्ध उठले, दादा इंग्रजांकडे गेले, पुढे युद्ध 1782 पर्यंत पुरलं. तुझ्या सरदाराला पुतणे नसतील, त्याची फौज पगारासाठी अडून बसली नसती, त्याला पैसा पुरवणारा सावकार आमच्या मागे लागला नसता? एवढा मालमसाला आम्ही तुला फुकट हातात दिला होता. पण तुला तो किल्ल्यातला शेवटचा प्रवेशच करायचा होता, कारण त्याचा नकाशा तू आधीच रंगवून ठेवलायस.

तर मग लिहून काढ आणि दिवाळी अंकाला पाठव ना. आम्हाला कशाला बोलावतोस? ती मुलगी त्यानंतर एक शब्द बोलली नाही, फोनवर रील्स बघत बसली, आणि तू मला विचारतोस "तिला गेममध्ये इंटरेस्ट नाही का?" होता. तू घालवलास. 2010 सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या अशाच खेळात गेम मास्टरला बजावलंय की पुढे काय होणार ते आधी ठरवू नकोस, खेळून बघ. तो खेळ तुझ्या कपाटात आहे, प्लास्टिकही काढलेलं नाहीस.

पुढच्या रविवारी स्क्रीन आणू नकोस. फासे सगळ्यांसमोर टाकायचे. आणि सरदार मेलेला आहे, त्याचं काय करायचं ते ठरवून ये.