ठिबकचा दर, जुनी बिलं आणि एडिट लॉग: चोपड्याच्या वाचकांना उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जीएसटीचा दर बदलला की बिलिंग सॉफ्टवेअरच्या आयटम मास्टरमध्ये (मालाच्या यादीत) आकडा बदलायचा, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्याला वर्षाला पैसे कशाला? बाकी सीए बघून घेतील.

पैशांचं मान्य. नुसत्या दरबदलाचे वेगळे पैसे मागणाऱ्याला जरूर जाब विचारा. पाच मिनिटांचं मात्र पटत नाही.

तुमचंच ठिबकचं दुकान घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबकवरचा दर 12 वरून 5 टक्के झाला. रावेरच्या केळीवाल्याने ऑगस्टमध्ये लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) बंडलं नेली आणि ऑक्टोबरात त्यातली दोन परत आणली. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट दाखवणारा कागद) 12 टक्क्यांनीच निघायला हवी, कारण मूळ बिल 12 चं. मास्टरमधला आकडा तुम्ही खोडला असेल, तर सॉफ्टवेअर मुकाट्याने 5 लावतं. शेतकऱ्याला कराचे पैसे कमी परत मिळतात, आणि तुम्ही भरलेल्या करातली तेवढी वजावट हुकते. सीएंकडे फाइल जाते महिनाअखेरीला. तोवर कागद पार्टीच्या हातात पडलेला असतो.

म्हणून प्रत्येक दरापुढे 'कधीपासून' ही तारीख हवी. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात राहतं आणि पुढे फेरफार नंबर येतो, तसं. जुना दर पुसायचा नाही, आणि क्रेडिट नोट मूळ बिलाच्या नंबराला जोडलेली पाहिजे.

ई-इनव्हॉइसचंही (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचंही) तेच, जुने आकडे जपावे लागतात. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा 500 कोटींची होती, ती टप्प्याटप्प्याने उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. शिवाय 2017-18 पासूनच्या कुठल्याही एका वर्षी उलाढाल त्यावर गेली असली तरी नियम लागतो. फक्त गेलं वर्ष तपासणारं सॉफ्टवेअर इथे फसवतं.

मशीन स्लो होतं म्हणून एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद, बंद ठेवल्याचं तुम्ही लिहिलंत. दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, तिथे कंपनी कायद्याची ही सक्ती नाही. पण भावाची जळगाव एमआयडीसीतली दालमिल प्रायव्हेट लिमिटेड आहे ना? तिथे 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो हवाच, वर्षभर चालू हवा, आणि बंद करण्याची सोयच नको. ऑडिटरला अहवालात त्यावर लिहावं लागतं. स्लो मशीनची सबब तिथे चालणार नाही. भावाला आजच कळवा.

आणि तुमच्याकडे बॅकअपच्या कॉपीवर ऑगस्टच्या एखाद्या बिलाची क्रेडिट नोट काढून बघा. 5 टक्के आले, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि मूळ बिलाचा दर का उचलला नाही ते विचारा. तो काय म्हणतो, ते इथे लिहा.